पाहुण्यांच्या पानातलं भोक

३ फेब्रुवारी, मंगळवार

भिंतीला भोक आहे!

सकाळी चहा पुढ्यात घेऊन टपाल उघडलं, आणि चहावर साय धरेपर्यंत जागचा हललो नाही. कुणा अनोळखी माणसाचं पत्र. इंग्रजीत, मोजकं, सभ्य. तुमच्या फायरवॉलमध्ये पाहुण्यांसाठी जे पान आहे, तिथे नावाच्या चौकटीत एक विशिष्ट प्रकारचा लांबलचक मजकूर भरला की पेटी पाहुण्यालाच घरमालक समजते, सगळ्या किल्ल्या त्याच्या हाती देते. मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्ही दुरुस्त करेपर्यंत सांगणारही नाही. खाली सही — 'एक वापरणारा'. बस्स.

टेलिफोन खात्यातून सुटलो तेव्हा रिकामपण खायला उठलं होतं. त्या दिवसांत ही भिंत भेटली. फुकटची, उघडी. म्हणजे तिची वीट न् वीट कुणीही वाचावी, कुणीही बदल सुचवावा, कुणीही नेऊन आपल्या दाराशी उभी करावी. इंटरनेट बाहेर, घर आत, मध्ये एका छोट्या पेटीत ही. शाळा, दुकानं, वाचनालयं — कुठे कुठे उभी आहे आम्हालाही ठाऊक नाही. आम्ही राखणदार मूठभर, एकमेकांना कधी न पाहिलेले. माझ्याकडे पाहुण्यांचं पान. वायफाय मागणाऱ्याला नाव विचारायचं आणि आत घ्यायचं, पण ओसरीपर्यंतच. माजघरात नाही.

आणि आता कळतं की ओसरीवरून माजघरात सरळ बोळ आहे!

ही म्हणाली, "एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का झालंय?"

"काही नाही."

"बरं. काही नाही तर काही नाही."

४ फेब्रुवारी

हेडबाईंचा हुकूम आला. आमच्या सगळ्यांच्या वरच्या बाई, समुद्रापलीकडे कुठेशी राहतात. त्यांच्या निरोपात कधीही एक शब्द जास्तीचा नसतो, म्हणून मी मनातल्या मनात हेडबाई म्हणतो. हुकूम असा: १९ तारखेला दुरुस्ती सगळ्यांना एकदम मिळेल. तोवर तोंडाला कुलूप. बायको नाही, मित्र नाही, कुणी नाही.

आणि तो जुना नियम पुन्हा एकदा — आपलं स्वतःचं कुणीही आधी दुरुस्त करायचं नाही. वाढप्याने शेवटी जेवायचं. मागे एकाने आपल्या मेव्हण्याच्या दुकानातली पेटी गुपचूप नीट केली. बदललेलं पाहून एका लबाडाने बरोबर ताडलं की भोक कुठे असणार, आणि बाकीची दुकानं धुऊन नेली. तेव्हापासून हा नियम. मीच तेव्हा मोठ्या तोंडाने म्हणालो होतो, योग्यच आहे!

दुपारी जरा डोळा लागला, आणि दचकून उठलो. लेकीचं हॉस्पिटल!

५ फेब्रुवारी

लेक बाळंतपणाची डॉक्टर, हॉस्पिटल तिचं स्वतःचं. औषधांच्या खिडकीखाली, खोक्यांच्या मागे पेटी आहे. मीच बसवली. वाट पाहणाऱ्या नातेवाइकांना वायफाय हवं म्हणून पाहुण्यांचं पानही मीच चालू करून दिलं. त्या भिंतीच्या आत काय काय आहे! प्रत्येक बाईचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, वेळेआधी आलेल्या बाळांच्या काचपेट्यांवर लक्ष ठेवणारा पडदा. लेकीने मोठ्या अभिमानाने दाखवला होता — "बाबा, आता घरी जेवतानासुद्धा बाळाचे ठोके दिसतात मला!"

त्या पडद्याशी कुणी खेळ केला तर?

हेडबाईंना लिहिलं. एकच पेटी आहे, बाळंतिणी आहेत, परवानगी द्या. तासाभरात उत्तर. "माझ्या भावाची शाळा आहे. खोडरबरच्या बायकोचं वाचनालय आहे. सगळे रांगेत आहेत. मला वाईट वाटतं. नाही."

(खोडरबर म्हणजे आमचा तपासनीस. दुसऱ्याने लिहिलेलं पुसणं हा त्याचा धर्म. नाव मी ठेवलंय, त्याला माहीत नव्हतं. हेडबाईंना कसं कळलं? कधीतरी बोलून गेलो असणार.)

मला वाईट वाटतं, असं लिहिलं बाईंनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक वाक्य जास्तीचं.

६ फेब्रुवारी

जेवण जात नाही. हिने विचारलं, मीठ कमी आहे का. हो म्हणालो. नव्हतं कमी.

७ फेब्रुवारी, शनिवार

हॉस्पिटलात जाऊन बसलो. सरळ विचार केला — हे भोक लांबून दिसत नाही. आत शिरायचं तर पाहुणा होऊन त्याच बाकावर बसावं लागतं. मग मी पण त्याच बाकावर बसतो! काठी, मफलर, थर्मास. पहारेकरी हजर.

खोली तशी बरी आहे. 'शांतता राखा' या पाटीखाली सगळे तावातावाने बोलतात. पाण्याचं मशीन मधूनच ढेकर देतं. कोपऱ्यात रबराचं झाड, त्याची पानं कुणीतरी रोज पुसतं. समोरचं दार उघडलं की बाकावरची सगळी तोंडं एकदम वर होतात, आणि दुसऱ्याचंच नाव पुकारलं की एकदम खाली. अगदी आमचा वर्ग! मास्तर कविता म्हणायला कुणाला उठवणार, या भीतीने माना अशाच वरखाली व्हायच्या. मी एकटा हात वर करून बसलेला असायचो.

लेक फेरीवर निघाली होती. मला पाहून थबकली.

"बाबा? तुम्ही इथे? आईला काही —"

"आई ठणठणीत आहे. बसावंसं वाटलं."

"बाळंतपणाच्या दवाखान्यात बसावंसं वाटलं?"

"इथे चांगलं वाटतं."

तिने माझा हात हातात घेतला. मला वाटलं प्रेमाने. नाडी बघत होती!

८ फेब्रुवारी

आज ज्याची धास्ती होती तेच घडलं.

हॉस्पिटलातल्या पाहुण्यांच्या पानावर माझी कविता आहे. चारच ओळी, पण चोख भुजंगप्रयात. पेटी बसवली तेव्हा पान रिकामं दिसत होतं, आणि रिकामं पान मला बघवत नाही —

नको धाप टाकू, जरा टेक पाठी
नवा पाहुणा ये तुझ्या भेटिसाठी
उभा उंबऱ्याशी, दिवा लाव दारी
विसावेल तेव्हा तुझी धाव सारी

लेक पहिल्या दिवसापासून कुरकुरते. लोकांना नावाची चौकट सापडत नाही, कविता ओलांडून खाली जावं लागतं, बायका विचारतात हा आरोग्य खात्याचा संदेश आहे का. मी दर वेळी टाळत आलो. आज ती खुर्ची ओढून समोरच बसली.

"बाबा, आलाच आहात तर ते पान काढून टाका. अख्खं पानच बंद करा. मी वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवते. कटकट नको."

अख्खं पानच बंद! म्हणजे भोकच बंद. माझ्या हाताने, तिच्या सांगण्यावरून, एका मिनिटाचं काम. तोंडाला पाणी सुटावं तसं झालं. हो म्हणायला तोंड उघडलं — आणि मिटलं. मेव्हण्याचं दुकान आठवलं.

"एकोणीस तारखेनंतर बघू."

"का? एकोणीसला काय आहे?"

"काही नाही."

"बाबा, चार ओळींसाठी एवढा हट्ट? इथे बायका कळा देतायत, आणि तुम्हाला कवितेची पडलीय!"

बोलून गेली ती. बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. मी मफलर नीट केला. कवितेपायी अडून बसलेला म्हातारा — तसाच दिसत असणार मी. तसंच दिसू दे.

९ फेब्रुवारी

हेडबाईंना विचारलं, मालकिणीने आपणहून पान बंद करायला सांगितलं तर? उत्तर: "तिने स्वतः बंद केलं तर तिचं घर आहे. तुम्ही करायचं नाही. कसं करायचं, हेही सांगायचं नाही."

लेकीला ते येत नाही. शिकवायला मीच कधी बसलो नाही. 'मी आहे ना!'

१० फेब्रुवारी

भोकाचं मूळ हाती लागलं. सकाळपासून खिडकीपाशी होतो. ही दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही गार.

काय गंमत आहे! नावाला सत्तर अक्षरांची मर्यादा. पेटीने त्यासाठी दर अक्षराला दोन घरं धरून जागा राखलेली. रोमन अक्षराला एकच घर लागतं, तेव्हा ऐसपैस. पण आपल्या लिपीचं एकेक अक्षर, एकेक काना, एकेक वेलांटी तीन तीन घरं अडवते! साध्या नावाला तरीही पुरतं. मजकूर लांबला की मात्र घरं संपतात, मजकूर शेजारच्या खोलीत सांडतो. आणि शेजारच्या खोलीत लिहिलेलं असतं — हा पाहुणा की मालक. ते पुसलं गेलं की झाला मालक!

पत्रातल्या माणसाने नमुना म्हणून चांदण्यांची रांग पाठवली होती. चांदणीलाही तीनच घरं.

मला एकदम मास्तर दिसले. फूटपट्टीने टेबलावर लघु-गुरू वाजवणारे. लघूला एक ठोका, गुरूला दोन. खालच्या वर्गाला आवाज जायचा, ते वर येऊन विचारायचे, सुतारकाम चाललंय का. मास्तर म्हणायचे, "गाढवांनो, अक्षरं मोजतो तो कारकून, मात्रा मोजतो तो कवी!" पेटीला कुणी हे शिकवलंच नाही. अक्षरं मोजत बसली बापडी.

दुरुस्ती लिहिली. अक्षरं मोजायचीच नाहीत, घरं मोजायची, आपल्या अक्षराला तीन धरून. अर्ध्या पानाचं काम. हसू आवरेना. ही स्वयंपाकघरातून — "मीठ बरोबर वाटतं आज!"

११ फेब्रुवारी

खोडरबरने दुरुस्ती परत पाठवली. "तीन घरं धरून चालणार नाही. हसऱ्या तोंडाच्या चित्राला चार लागतात."

लोक नावात हसरी तोंडं घालतात म्हणे!

१२ फेब्रुवारी

पहाऱ्यावर. लेक समोरून गेली, बोलली नाही. थर्मासकडे बघितलं फक्त. थोड्या वेळाने आयाबाई एक उशी घेऊन आल्या, "मॅडमनी दिलीय, पाठीला लावा." जरा टेक पाठी! तिने मुद्दाम केलं की सहज, कळेना.

आज संशयित आढळला. मध्यमवयीन, जाड चष्मा, मांडीवर लॅपटॉप. आल्यापासून मान वर नाही. बोटं भराभर, मधूनच थांबून छताकडे बघणं, ओठांत पुटपुटणं, पुन्हा पुसणं. सरकत सरकत त्याच्या शेजारी गेलो. काठी घट्ट धरलेली. काय करणार होतो काठीने, देवाला ठाऊक.

तोच म्हणाला, "काका, जरा सांगता? साहेबांना रजेचा अर्ज लिहितोय. 'विनंती' पुरे, की 'नम्र विनंती' लिहू?"

"किती रजा हवी?"

"जुळं आहे हो!"

"मग 'अत्यंत नम्र' लिहा."

दोघेही हसलो. 'शांतता राखा'च्या पाटीखाली. मग त्याला अर्जाचा मसुदाच सांगितला. छान झाला, लयीत.

१३ फेब्रुवारी

रात्रीच्या जेवणाला लेक आली नाही. शुक्रवार कधी चुकत नाही तिचा. फोनवर आईशी बोलली. मी शेजारी बसलो होतो, माझी चौकशी झाली नाही.

फोन ठेवून ही म्हणाली, "तिला वाटतंय तुम्हाला तुमची कविता तिच्यापेक्षा प्यारी आहे."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही काहीतरी लपवताय. दहा दिवसांत एकदाही गुणगुणला नाहीत. खोटं बोलत असता तेव्हा तुमचं गुणगुणणं बंद पडतं. नोकरीत असताना बदलीचं लपवलं होतं तेव्हाही असंच."

मी ताटातल्या भातात रेघा ओढत बसलो.

"सांगू नका. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. पण पोरीला काय सांगू मी?"

"सांग की बाबा येडा नाही."

"ते मला छातीठोक सांगता येणार नाही," म्हणाली, आणि भात वाढला.

१४ फेब्रुवारी

दुरुस्ती पुन्हा परत. खोडरबर म्हणतो, दुरुस्तीसोबत लिहिलेला शेरा फार लांब आहे. आणि शेऱ्यात 'मात्रा' हा शब्द कशाला, कुणाला कळणार?

कुणालाही नाही. काढला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पास! खोडरबरचा शेरा: "ठीक." त्याच्याकडून 'ठीक' म्हणजे शाळेत वर्गापुढे उभं करून टाळ्या वाजवाव्यात तसं. मास्तर असते तर त्यांना नेऊन दाखवलं असतं. ते काय बघणार म्हणा, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले असते, यमक कुठे आहे?

आता फक्त वाट. बाकावरची सगळी तीच करतात. मीही.

१७ फेब्रुवारी

पहाऱ्यावर असताना आतून धावपळ. काचपेटीच्या खोलीकडे दोन नर्सा पळाल्या, मागून लेक. झालं, शिरला कुणीतरी! बाकावरच्या एकेकाच्या हातांकडे बघितलं. कुणाच्या हातात बिस्किटाचा पुडा, कुणाच्या हातात लोकर.

लेक बाहेर आली. चेहरा ओढलेला. मला उभं पाहून म्हणाली, "काही नाही. तार निघाली होती बाळाच्या पायाची. फार लाथा मारतंय." आणि मग हळूच, "बाबा, बसा ना."

मी बसलो. तीही क्षणभर बसली, शेजारी. पुरलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुटलो!

ठरल्या वेळी हेडबाईंनी फाटक उघडलं. दुरुस्ती सगळ्यांना गेली. कोण कुठले लोक 'मिळाली', 'लावली', 'आभार' म्हणत होते. मी वाट बघत बसलो. वाढप्याने शेवटी. हेडबाईंचा निरोप आला — "शाळा झाली, वाचनालय झालं. आता तुम्ही. जा!" तो 'जा' वाचून रिक्षाच केली.

औषधांच्या खिडकीखाली मांडी घालून बसलो, खोकी बाजूला सारून. औषधवाला म्हणाला, "आजोबा, डायपर हवेत का?" पेटीचा हिरवा दिवा विझला, पिवळा लागला, नाचला, नाचतच राहिला... मग हिरवा. मग मीच चांदण्यांची रांग नावाच्या चौकटीत भरून पाहिली. पान म्हणालं, 'नाव फार मोठं आहे.' इतकं गोड वाक्य बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं!

उठता येईना. लेकीनेच हात देऊन उठवलं. तिथेच, डायपरच्या खोक्यांमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. भोक, कुलूप, मेव्हण्याचं दुकान. ती ऐकत राहिली. डॉक्टरचा चेहरा, काही कळू देत नाही.

"म्हणजे तुम्ही इथे पहारा देत होता?"

"हो."

"काठी घेऊन?"

"हो."

"हॅकर आला असता तर काठीने काय करणार होता?"

"अजून ठरलं नव्हतं."

हसायला लागली, हसता हसता तिचे डोळे भरले, मग रागावली — सगळं एका दमात. "मला सांगता आलं नाही? पोटच्या पोरीला?" मग स्वतःच, "मीही पेशंटचं घरी सांगत नाही म्हणा." नाक पुसलं. "मी त्या दिवशी फार बोलले."

"बरोबर बोललीस. आता काढतो पान. काय म्हणशील ते."

"पान राहू दे. कविता अर्धी करा. दोन ओळी ठेवा."

अर्धी! पण कबूल केलं. तिथल्या तिथे मागच्या दोन उडवल्या. नाहीतरी कोण वाचतं? चार ओळी ओलांडायच्या त्या दोन ओलांडतील.

संध्याकाळी घरी येताना गुणगुणत होतो. मला कळलं नाही. हिने दारातच ऐकलं आणि कुकर चढवला.

२० फेब्रुवारी

झोप! आणि झोप! आणि वर आंघोळीला गरम पाणी. शुक्रवार — लेक जेवायला आली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हेडबाईंनी एक पत्र पुढे धाडलं. "भोक दाखवणाऱ्याचं आहे. या वेळी कुठल्या लिपीत लिहिलंय कळत नाही. बहुधा तुमच्यासाठी."

मराठीत! उतरवून ठेवतो —

'मुदत संपली, आता मोकळेपणी सांगतो. जानेवारीत बायको बाळंतपणाला आत होती, मी बाहेर बाकावर. हातपाय गार. वायफायच्या पानावर चार ओळी होत्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, त्याच वाचत राहिलो. पाठ झाल्या. नावाच्या चौकटीत माझं नाव लिहायचं सोडून त्याच लिहीत गेलो. तिसऱ्या ओळीत, "उंबऱ्याशी" या शब्दावर जागा संपली. बटण दाबलं, तर दार उघडलं. आतलं सगळं समोर होतं. मी सॉफ्टवेअर तपासण्याचीच नोकरी करतो, काय झालंय ते लगेच कळलं. कशालाही हात लावला नाही. दार लावून घेतलं. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मुलगी झाली. त्या ओळी कुणाच्या आहेत ठाऊक असेल तर कळवा, तिला शिकवायच्या आहेत.'

मी पहाऱ्याला बसण्याआधीच तो येऊन गेला होता. माझ्याच ओळी म्हणत.

लेकीला फोन केला. अख्खं पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाली, "बाबा, उरलेल्या दोन पण लावा."

लावल्या.